काटेवालीचा चिमटा

मी चिमटा बोलतोय. चुलीतला निखारा उचलणारा तो लांबलचक, दांडगट चिमटा नव्हे हं. तो माझा लांबचा नातेवाईक, आणि आमचं फारसं जमत नाही. मी बोटभर लांबीचा, पायातला काटा काढायचा. एका लोखंडी कडीत आम्ही तिघं राहतो: मी, टोचणी आणि कानकोरणं. टोचणीनं कातडं उकरायचं, मी काटा धरून ओढायचा आणि कानकोरण्यानं नुसतं लोंबकळत बसायचं. तरी तिघांत ऐट त्याचीच जास्त.

माझा जन्म जवळा बाजारच्या संतराम लोहाराच्या भात्यासमोर झाला. त्याआधी मी एका बैलगाडीच्या चाकाची धाव होतो. लाकडी चाकावर लोखंडी पट्टा चढवतात ना, ती धाव. औंढ्याच्या अन् वसमतच्या वाटा तुडवून तुडवून ती तुटली आणि तिचा तुकडा कोपऱ्यात गंजत पडला. तो उचलून संतरामनं तापवला, ठोकला, मधोमध वाकवला आणि मी झालो. म्हणून वाटेवरच्या माणसांची मला पहिल्यापासून ओढ आहे.

मला बनवून घेतलं खाजा मियानं. हा पिंजारी. पाठीवर पिंजण घेऊन गावोगाव फिरायचा, लोकांच्या गाद्या-रजयांचा कापूस पिंजून द्यायचा. चालणं हाच त्याचा धंदा, आणि आमच्या भागात बाभळी उदंड.

"संतरामभाऊ, टोकं अशी जुळली पायजे की केस बी सुटू नये," तो म्हणाला.

संतरामनं मला खाजा मियाच्याच दाढीला लावलं आणि एक केस उपटला. खाजा मिया "अरे बाप रे!" म्हणून उडालाच. दोघं किती तरी वेळ हसत होते. हा माझा पहिला पराक्रम.

पुढची दोन-तीन वर्षं मी खाजा मियाच्या कमरेच्या दोरीला लटकत हिंडलो. काट्यांचे स्वभाव तिथंच शिकलो. सराटा म्हणजे नुसती पोरकट खोडी. बोरीचा काटा वाकडा, तो जाताना हसत जातो आणि येताना रडवतो. बाभळीचा मात्र सरळ, लांब आणि मुकाट. तो टाचेत आत मोडला तर माणसाचं काही खरं नाही.

आता जे सांगतो ते सांगताना मला अजून जड जातं.

एकोणीसशे चौतीस सालची गोष्ट. खाजा मियाची बायको अमिनाबी गोधड्या शिवायची. एका संध्याकाळी तिच्या बोटात बारीक कुसळ गेलं. तिनं नवऱ्याच्या दोरीची कडी सोडली, माझ्याकडून कुसळ काढलं आणि मला खुंटीला अडकवलं. परत दोरीला बांधायचं राहून गेलं. सकाळी खाजा मिया पिंजण उचलून निघाला आणि मी खुंटीवरून त्याची पाठ बघत राहिलो. चिमट्याला हाक मारता येत नाही.

त्याच दिवशी परतीच्या वाटेवर त्याच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. तो वाटेच्या कडेला बसला. स्वतःच्या टाचेतला काटा स्वतःला नीट दिसत नाही. जवळून तीन गाड्या गेल्या. गाडीवाले वाईट नव्हते हो, पण ज्याला त्याला दिवस मावळायच्या आत घर गाठायचं होतं. तो तसाच लंगडत दोन कोस चालत आला, आणि तोवर काटा पार आत गेला होता. अमिनाबीनं मला हातात घेतलं, टोचणीनं उकरून उकरून बघितलं, पण मी दर वेळी रिकामाच बाहेर आलो. आठव्या दिवशी खाजा मियाचा जबडा आवळला. धनुर्वात. त्यातून तो उठला नाही.

 नवरा गेल्यावर बाईनं घरात बसायचे इद्दतीचे दिवस संपले, तसं पहिल्याच बाजाराला अमिनाबी मला कमरेला खोचून निघाली आणि गावात शिरणाऱ्या वाटेवर, लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसली. समोर एक सपाट दगड, शेजारी वाळक्या भोपळ्याचं तुंबडं. संतराम लोहार तिथून चालला होता. तो थबकला.

"भाभी, हितं काहून बसून राहिल्या?"

"येनाऱ्या-जानाऱ्याचे काटे काढते, भाऊ. त्यांचा कोनी काढला न्हाई."

संतरामनं तिथंच खाली बसून माझी टोकं घासून दिली. तेव्हापासून दर दोन-चार महिन्यांनी तो आपणहून यायचा, माझी टोकं दगडावर घासून जुळवायचा आणि गुपचूप निघून जायचा.

अशी माझी खरी नोकरी सुरू झाली. अमिनाबी गोधडीचा एक तुकडा मांडीवर टाकायची आणि वाटेनं लंगडत येणाऱ्याला म्हणायची, "बसा, पाय दाखवा." नाव विचारायची नाही, गाव विचारायची नाही, जात तर नाहीच नाही. पाय धुवायची, टाच दाबून बघायची, "हितं?" माणूस गप्प राहिलं की बोट सरकवायची. माणूस ओरडलं की हसायची, "म्हंजी हितंच."

माणसांच्या एकेक तऱ्हा मी तिच्या मांडीवर बसून बघितल्या. बाप्ये लोक पाय ताठ पुढं करतात, "आमाला काय दुखत न्हाई" म्हणतात आणि मी जवळ गेलो की डोळे घट्ट मिटतात. बायका आधी पदरानं आपलं पाऊल पुसून घेतात, कारण त्यांना काट्यापेक्षा मळक्या पायाची लाज जास्त. एकदा रामसिंग नावाचा जवान आला. त्याच्या जाड बुटाच्या तळातून काटा वर आला होता. मिशा केवढ्या! पण टोचणी दिसताच त्यानं अमिनाबीचा पदर धरला तो काटा निघेपर्यंत सोडला नाही. आणि एक गंमत सांगू? काटा निघाला तरी माणूस पुढची दहा पावलं लंगडतच जातं. मग त्याच्या लक्षात येतं, ते मागं वळून बघतं आणि नीट चालायला लागतं. अमिनाबी त्या वळून बघण्याची वाट बघायची. ते झालं की दुसरा पाय मांडीवर घ्यायची.

निघालेला काटा ती ज्याचा त्याच्या तळहातावर ठेवायची. डोळ्यांनी बघितल्याशिवाय दुखणं गेलं असं माणसाला वाटत नाही. मग तो काटा परत घेऊन भोपळ्यात टाकायची, म्हणजे दुसऱ्या कुणाला रुतायला नको. जखमेवर बिब्ब्याचा चटका द्यायची. कुणी विचारलंच, "बदल्यात काय देऊ, मावशी?" तर म्हणायची, "वाटंत काटा दिसला तर उचलून कडंला टाका." घरी गेल्यावर भोपळा चुलीत रिकामा करायची आणि त्या जाळावर भाकर टाकायची. बाजारात तिचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे तिला काटेवाली म्हणायचे.

आता अनुसूयेची गोष्ट.

ती देवळाच्या पुजाऱ्यांच्या घरातली नवी सून. वय सोळाच्या आतबाहेर. तिचा नवरा मार्तंड महादेवाची पूजा करायचा आणि ही विहिरीवरून अभिषेकाचं पाणी आणायची. सोवळ्यात पायात वहाण चालत नाही, त्यामुळं अनवाणीच. सदतीस सालच्या एका बाजारी ती ओलेत्यानं घागर घेऊन लिंबाजवळून चालली होती. अचानक तिचं पाऊल अडखळलं आणि ती एका पायावर उभी राहिली.

"बस बेटी, पाय दाखव," अमिनाबी म्हणाली.

पोर कावरीबावरी झाली. "मी... मी सोवळ्यात हाय. देवाचं पानी हाय."

अमिनाबीला समजलं. तिनं आमची कडी कमरेची काढून सपाट दगडावर ठेवली आणि सात-आठ पावलं लांब जाऊन तोंड फिरवून उभी राहिली. म्हणाली, "घे, तुझ्या हातानं काढ. सावकाश."

अनुसूयेनं आधी माझ्यावर ओंजळभर पाणी ओतलं. मला राग आला, खोटं कशाला सांगू? आजवर इतके पाय हाताळले, पण आंघोळ घालून मला हात लावणारी ही पहिलीच. शिवाय तिला धरायची रीतही ठाऊक नव्हती. तिनं काटा वरच्या वर धरून हिसका मारला आणि अर्धा काटा आत मोडला. तेवढ्यात देवळाच्या आळीतून सासूची हाक आली, "सूनबाई! अगं पानी आन की, अभिषेक खोळंबलाय!"

आणि सासू वळणावर दिसलीच. पोर इतकी घाबरली, की मला कुठं लपवावं ते तिला सुचेना. तिनं आमची कडी सरळ घागरीत टाकली.

घागर देवळात गेली. मार्तंडनं ती पिंडीवर टांगलेल्या अभिषेकपात्रात रिकामी केली आणि पाण्याबरोबर आम्ही तिघं खाली घरंगळलो. पात्राच्या बुडाला भोक असतं, त्यातून देवावर थेंब थेंब पाणी पडतं. मी नेमका त्या भोकात बसलो. थेंब थांबला. बाजारातल्या साऱ्या टाचा उकरून झालेला मी असा महादेवाच्या डोक्यावर जाऊन बसलो. कानकोरण्याला तर वाटलं, आपल्याला देवानंच बोलावणं धाडलं.

मार्तंडनं पात्रात हात घातला आणि आम्हाला बाहेर काढलं. त्यानं कडीकडं बघितलं, मग दाराशी लंगडत उभ्या असलेल्या बायकोकडं. अनुसूया रडायला लागली आणि तिनं होतं ते सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता हा मला उकिरड्यावर फेकणार.

त्यानं आई जवळपास नाही ना, ते आधी बघितलं. मग हळूच म्हणाला, "देवाचं काय करायचं ते मी बघतो. पात्र घासून परत भरतो. पन त्या बाईचं काय? तिच्याकडं कोनी लंगडत आलं तर ती काय करंल आता?"

"मीच देते नेऊन," अनुसूया म्हणाली. "माझ्या हातानं."

पण अमिनाबीचं घर तिला ठाऊक नव्हतं आणि बाजाराला सात दिवस होते. ते सात दिवस मी तिच्या उशाखाली काढले. तिची टाच सुजत चालली होती. पुढच्या बाजाराला ती सोवळं सोडून, रंगीत लुगडं नेसून, भिंत धरत धरत लिंबाखाली आली. अमिनाबी एका म्हाताऱ्याच्या पायावर वाकली होती. हातात गोधडी शिवायचं दाभण. दाभणानं उकरून ती दातांनी काटा ओढत होती. ओठाला दोन ठिकाणी टोचून रक्त आलं होतं. ते अनुसूयेनं बघितलं आणि माझ्यावरची तिची मूठ घट्ट झाली.

म्हातारा उठला. अनुसूयेनं मला अमिनाबीच्या हातात दिलं, हाताला हात लागला तरी मागं घेतला नाही. मग भर बाजारात, देवळाच्या आळीतली माणसं बघत असताना, तिनं आपला सुजलेला पाय त्या गोधडीच्या तुकड्यावर ठेवला.

"मावशी, चुकलं माझं."

"काहून रडून राहिली लेकरा? पाय हलवू नको. हितं?"

त्या दिवशी मी जीव तोडून धरलं. उरलेला अर्धा काटा निघाला. अमिनाबीनं तो तिच्या तळहातावर ठेवला. सात दिवसांबद्दल चकार शब्द काढला नाही. आणि माझा राग? तो कधी गेला, मलाही कळलं नाही.

त्यानंतर दर बाजारी त्या सपाट दगडावर जुन्या लुगड्याच्या धुतलेल्या पट्ट्या आणि दोन-चार बिब्बे ठेवलेले असायचे. अनुसूया घागर घेऊन जाताना ठेवून जायची. अमिनाबी मान हलवायची, अनुसूया हसायची. अकरा वर्षांत दोघींनी एकमेकींचं नाव विचारलं नाही.

अकरा वर्षांत संतराम गेला. माझी टोकं झिजली. अमिनाबीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि ती बोटांनी चाचपून काटे काढायला लागली. मग अठ्ठेचाळीस साल आलं. आधी एका बाजूची माणसं भीतीनं घरं सोडून रानात गेली. भादव्यात फौज आली, निजामाचं राज्य गेलं आणि भीतीनं घर बदललं. आता अमिनाबीची आळी रिकामी झाली. कोण कुणाला मारतंय, कोण लुटतंय, कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, की पळायचं.

अमिनाबी शेजारच्या खतीजाबीबरोबर पळाली. डोक्याच्या वर गेलेली ज्वारी, खाली काळा चिखल. एका शेताचं कुंपण ओलांडताना बाभळीचा काटा तिच्या टाचेत गेला आणि आतच मोडला. दोघी ज्वारीतल्या एका खोपीत दडल्या. अमिनाबीनं मला हातात घेतलं, टाच चाचपली. पण दिसत नव्हतं, हात पोचत नव्हता आणि माझी टोकं जुळत नव्हती. खतीजाबीनं तर भीतीपोटी दोनदा मला चिखलात पाडलं. दुसऱ्या दिवशी टाच सुजली. तिसऱ्या दिवशी अमिनाबी नुसती बोटं मोडून दिवस मोजत बसली. आठव्या दिवशी काय होतं, ते तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

"त्यांच्यावानीच होनार," ती म्हणाली. "बरं झालं. चिमटा मीच ठेवला व्हता खुंटीला."

चौदा वर्षांत तिनं हे पहिल्यांदा तोंडातून काढलं.

इकडं गावात काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं. बाजाराचा दिवस होता, पण बाजार भरला नाही. अनुसूया पट्ट्या घेऊन लिंबाखाली गेली तर दगड रिकामा. ती अमिनाबीच्या आळीत गेली. तिथं मागं राहिलेल्या एका म्हाताऱ्यानं तिला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "कोन काटेवाली? आमाला ठाव न्हाई." देवळाच्या आळीतल्या बाईला त्या दिवसांत कोण सांगणार? तिनं घागर उचलली आणि ती रानाच्या वाटेला लागली. काटेवालीला हाक मारणं धोक्याचं होतं, भलत्याच कुणी ऐकलं तर? मग तिला एक सुचलं.

दुपारची वेळ. खोपीत आम्ही गुपचूप बसलो होतो. लांबून एका बाईचा आवाज आला.

"काटा रुतलाय हो, कोनी हाय का! पाय टेकवत न्हाई, काटा काढा हो!"

अमिनाबीनं मान वर केली. खतीजाबीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "चूप ऱ्हा! हे फसवायचे धंदे हायेत. भायेर गेलीस तर मरशील."

आवाज पुन्हा आला, जरा जवळून. अमिनाबीनं तो हात बाजूला केला.

"आन् खरंच रुतला असंल तर?"

"अगं, तुझाच पाय सडून राहिला!"

"म्हनून तर," अमिनाबी म्हणाली. मला मुठीत धरून, एका पायावर, ज्वारीची ताटं धरत धरत ती बाहेर निघाली. तिला समोरचं माणूस दिसत नव्हतं. ती नुसती आवाजाच्या दिशेनं म्हणाली, "हिकडं ये. बस, पाय दाखव."

घागर खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"माझ्या पायात काय न्हाई, मावशी," अनुसूया म्हणाली. "तुमालाच हुडकून राहिले मी." आणि मग तिची नजर त्या टाचेवर गेली.

तिनं अमिनाबीला बांधावर बसवलं आणि तो चिखलानं भरलेला, सुजलेला पाय आपल्या मांडीवर घेतला. घागरीतलं पाणी त्या पायावर ओतलं. मग माझ्यावर ओतलं. सदतीस साली असंच पाणी ओतलं होतं तिनं, पण ह्या खेपेला मला राग आला नाही. तिनं माझी टोकं डोळ्यांसमोर धरली आणि बांधावरच्या दगडावर मला घासत बसली, संतराम घासायचा तसं. अकरा वर्षं येता-जाता तिनं किती बघितलं होतं, ते तेव्हा मला समजलं. टोचणीनं अलगद कातडं उकरलं. टाच दाबली.

"हितं?"

"या अल्ला!"

"म्हंजी हितंच," अनुसूया म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

हिसका नाही मारला. मी काट्याचं बूड धरलं. खाजा मियाच्या वेळी मी रिकामा आलो होतो, ते सगळं आठवून धरलं. काटा आला, अख्खा, दीड पेराएवढा. अनुसूयेनं तो अमिनाबीच्या तळहातावर ठेवला. दिसत नव्हता, म्हणून अमिनाबीनं तो बोटांनी चाचपला, पुन्हा पुन्हा चाचपला, आणि मग ती ओक्साबोक्शी रडली. खाजा मिया गेला तेव्हासुद्धा मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं.

मार्तंडनं बैलगाडीत कडबा भरून आणला आणि कडब्याखाली दोघींना देवळामागच्या गोठ्यात नेलं. म्हातारी सासू काय म्हणेल, याची सगळ्यांना धास्ती होती.  संध्याकाळी तीच गोठ्याच्या दाराशी भाकरी आणि शेकायला गरम विटकर ठेवून गेली.

चौथा दिवस, पाचवा, सहावा. अनुसूया रोज सकाळी यायची आणि म्हणायची, "मावशी, आ करा बरं." आठव्या दिवशी ती तीनदा येऊन तेच म्हणाली. नवव्या दिवशी अमिनाबीनं तोंड एवढं मोठं उघडलं की आतले उरलेसुरले दात दिसले. खतीजाबी हसली, अनुसूया हसली आणि मार्तंड गव्हाणीकडं तोंड करून डोळे पुसत बसला.

"नाव काय गं तुझं?" अमिनाबीनं विचारलं.

"अनुसूया. आन् तुमचं?"

"अमिना."

वातावरण निवळल्यावर बाजार पुन्हा भरायला लागला. आता मी लिंबाखाली त्याच सपाट दगडावर असतो. अमिनाबीला अजिबात दिसत नाही, ती पाय धरते आणि माणसाला बोलण्यात गुंतवते. काटा अनुसूया काढते. लोक नावं ठेवतात, ठेवू देत. लंगडत आले की तेच लोक मुकाट्यानं बसतात.

मी झिजत चाललोय. माझ्या एका पायाला बारीक चीर गेलीय, एखाद्या जुनाट काट्याला धरताना मी मोडेन. मोडलो तर मला फेकू नका, संतरामच्या जागी जो कुणी लोहार बसला असेल त्याच्याकडं न्या. लोखंड आहे, पुन्हा चिमटा होईन. तोवर वाटेत काटा दिसला तर वाकून उचला आणि कडेला टाका. मागून कोण अनवाणी येतंय, ते आपल्याला ठाऊक नसतं.

अन् हे काय, तुम्हीही जरा लंगडताय वाटतं? बसा ना. नाव सांगायची गरज नाही. पाय पुढं करा.